आनंदाचा सराव वर्ग

पी.टी.चा तास आमच्या शाळेत वेळापत्रकात असतो, मैदानावर नसतो. मी तिथला पी.टी. माश. माश म्हणजे मास्तर. एकोणीस वर्षं झाली. दहावीचं वर्ष लागलं की माझे तास गणिताचे प्रभाकरन माश घेतात आणि मी कपाटातल्या फुटबॉलांत हवा आहे का ते दाबून बघतो. त्यामुळे राजधानीतल्या एका संशोधन केंद्राचं पत्र आलं, की मुलांमधली चिंता आणि नैराश्य यांवरच्या उपचारांचा अभ्यास करायचा आहे, तरी एक समन्वयक शिक्षक नेमावा, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका शोशाम्मा टीचरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दिवाकरन माश, तुम्हाला तसं काम काय असतं?"

झालो समन्वयक.

अभ्यासाचे मुख्य डॉ. हरिगोविंदन स्वतः आले. भला माणूस, पण समोरच्या माणसापेक्षा हातातल्या कागदाकडे बघून बोलायची सवय. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एकूण चाळीस शाळा. त्यांतल्या वीस शाळांत दर आठवड्याला एक असे आठ तास मुलांना शिकवायचं: भीतीनं छाती धडधडायला लागली की काय करायचं, मन अगदी बसलं असेल तर एखाद्या लहानशा कामानं कशी सुरुवात करायची, कोणाशी बोलायचं. उरलेल्या वीस शाळांत काहीच करायचं नाही. पंचवीस प्रश्नांचा एक कागद तेवढा तीन वेळा भरून घ्यायचा. मग दोन्हीकडची तुलना. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं.

आमच्या वाट्याला 'काहीच करायचं नाही' आलं. नदीपलीकडच्या शाळेला उपचार मिळाले.

शोशाम्मा टीचरांचा चेहरा खरकन उतरला. नदीपलीकडच्या शाळेशी आमचं वैर युवजनोत्सवापासून विज्ञान प्रदर्शनापर्यंत सगळीकडे.

"म्हणजे त्यांना उपचार आणि आम्हाला नुसता कागद? आमची मुलं काय कमी दुःखी आहेत?"

"तसं नाही टीचर, चिठ्ठीत जे निघालं—"

"मग परत टाका चिठ्ठी."

"अशी परत टाकता येत नाही."

"न यायला काय झालं? आमच्या पालक समितीत तीन-तीनदा टाकतात."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, टीचर गंमत करताहेत.

कागद वाटायला केंद्राची जुमैला आली. मलप्पुरमची, पंचविशीतली पोरगी, खांद्याला ही मोठी पिशवी. उपचार नसलेल्या शाळांत मुलांशी कामापुरतंच बोलायचं, असा तिला लेखी हुकूम होता. जास्त बोललं की अभ्यास बिघडतो म्हणे. तिनं दहावीच्या वर्गात कागद वाटले. 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं', 'किती वेळा झोप आली नाही', असे प्रश्न, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन असे आकडे.

"मिस, निगेटिव्ह मार्किंग आहे का?" पहिल्या बाकावरून विचारणा झाली.

"मिस, हे बोर्डाला येणार आहे का?"

"कुठेही येणार नाही," जुमैला म्हणाली. "जसं वाटतं तसं लिहा."

बोर्डाला येणार नाही म्हटल्यावर पोरांनी मोकळ्या मनानं लिहिलं. महिन्याभरानं डॉक्टरांचं सौजन्यपूर्ण पत्र आलं: पंचाहत्तरपैकी आपल्या शाळेची सरासरी एकेचाळीस, चाळीस शाळांमध्ये ही सर्वांत जास्त आहे, आपल्या माहितीसाठी कळवीत आहे.

पत्र शनिवारी आलं. सोमवारी सकाळी नाक्यावर बोर्ड लागला होता. शोशाम्मा टीचर हात जोडून उभ्या, मागे शाळेची इमारत, आणि वर लाल अक्षरांत: 'चाळीस शाळांत आपली शाळा पहिली! विद्यार्थ्यांचे व पालकांचे अभिनंदन!' त्याच्या शेजारी जूनपासूनच दुसरा बोर्ड उभा होता. त्यावर बारा मुलांचे फोटो आणि खाली 'यंदा दहाच्या दहा विषयांत ए-प्लस मिळवणारे आमचे तारे' असं लिहिलेलं. परीक्षा मार्चमध्ये होती. टीचरांना वेळेवर काम करायला आवडत नाही, वेळेआधी आवडतं.

मी दबकत म्हटलं, "टीचर, ते आकडे जरा वेगळे असतात. जास्त म्हणजे—"

"माश, पहिला म्हणजे पहिला. तुमच्या खेळात वेगळं असतं का?"

अकरा वाजता नदीपलीकडच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. टीचरांनी मोठ्या झोकात स्पीकर लावला, सगळ्या स्टाफरूमला ऐकू यावं म्हणून.

"अभिनंदन हो शोशाम्मा टीचर! चाळीस शाळांत तुमची मुलं सगळ्यात दुःखी, असं ऐकलं. आमच्याकडे ते उपचारवाले येतातच. हवे तर चार दिवस तुमच्याकडे पाठवू का?"

पोरं डबा खायला बाहेर पडायच्या आत बोर्ड उतरला होता. टीचरांनी दार लावून घेतलं, आणि बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर तोच निश्चय होता, जो दरवर्षी निकालाच्या आधी असतो.

"पुढचा कागद नोव्हेंबरात आहे," त्या म्हणाल्या. "मला शून्य पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाला प्रभाकरन माशांनी आनंदाचा सराव वर्ग सुरू केला. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकत असे.

"प्रश्न तिसरा! गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन रमलं नाही, असं झालं का?"

"अजिबात नाही!" वर्ग एका सुरात.

"प्रश्न सातवा, झोप?"

"गाढ!"

"गाढ असं लिहायचंय का? आकडा सांगा, आकडा!"

"शून्य!"

"सिनान, तू एक का लिहिलास?"

"माश, मला एकदा झोप नव्हती लागली. मच्छर होते."

"मच्छर पोर्शनमध्ये नाहीत. खोड."

बाजारातल्या ट्यूशनवाल्यानं आदर्श उत्तरांची झेरॉक्स काढली. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात ती फिरली. कोणाची आई भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायला लागली, कोणाचे वडील स्कूटरवरून शाळेत सोडताना. जी मुलं दोनदा सराव घेऊनही शून्यावर येईनात, त्यांना 'आनंदात कच्ची' म्हणून संध्याकाळी साडेचार ते साडेपाच थांबवून घेऊ लागले. तिथे त्यांना फारच उदास वाटायचं. मी हे सगळं पाहत होतो आणि हसून घरी बायकोला सांगत होतो. एवढंच करत होतो.

नोव्हेंबरात जुमैला आली, कागद भरून झाले. नियमाप्रमाणे ते तिनं तिथेच गोळा करून पाकीट बंद करायचं. पण टीचरांनी तिला चहा आणि पळंपोरीची बशी देऊन स्टाफरूममध्ये बसवलं. केळ्याची ती गरम भजी सोडून उठणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मलेला नाही. तेवढ्यात टीचरांनी गठ्ठा ऑफिसात नेला आणि एक-एक कागद तपासायला बसल्या. शून्य, दोन, शून्य, एक. आणि मग एकसष्ट.

"माश, अतुल्याला बोलवा."

अतुल्या त्या बारा ताऱ्यांपैकी एक. वडील शशिधरन विजेच्या खात्यात लाईनमन, आई ओमानला नर्स. मला ती वेगळ्याच कारणानं माहीत होती. आठवीत लांब उडीत जिल्ह्यात दुसरी आली होती. नववीपासून मैदानावर दिसली नव्हती. का दिसत नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पोरगी आत आली तेव्हा मला तिची मनगटं दिसली. युनिफॉर्मच्या बाहीत हरवलेली.

"हे काय लिहिलंयस?" टीचरांचा आवाज चढलेला नव्हता, उलट समजुतीचा होता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "घर आहे, आई-वडील आहेत, हुशार आहेस, बोर्डावर फोटो आहे. मोळे, सांग ना पोरी, तुला दुःखी व्हायला झालंय काय?"

अतुल्यानं बाही बोटांपर्यंत ओढून घेतली.

"तुझ्या एकटीमुळे वर्गाची सरासरी दोननं वर जातेय. मैत्रिणींचा विचार कर. माश, खोडरबर द्या तिला."

मी दिला. हे मी कोणापासून लपवत नाही. माझ्या टेबलाच्या खणातून खोडरबर काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंचवीस ठिकाणी खोडलं, पंचवीस ठिकाणी लिहिलं, कागदावरची भुकटी ओंजळीत गोळा करून केराच्या टोपलीत टाकली. टेबल घाण होऊ नये म्हणून. मग म्हणाली, "सॉरी, टीचर." आणि गेली.

गठ्ठा जुमैलाकडे आला. ती कागद उलटत होती आणि एका कागदापाशी थांबली. कागद उजेडाकडे धरला.

"माश, हिच्या प्रत्येक शून्याखाली दोन नाहीतर तीन दिसतोय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"माश!"

मग मी सांगितलं. सराव वर्ग, झेरॉक्स, खोडरबर, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त फोन काढला आणि डॉक्टर हरिगोविंदनना लावला. मला तिकडचं बोलणंही ऐकू येत होतं.

"कागदावर आकडा काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"शून्य, सर. पण खोडलेलं स्पष्ट दिसतंय. विसाव्या प्रश्नालाही तीन होता. आपल्या नियमात विसाव्याला दोनच्या वर असेल तर लगेच—"

"होता की आहे?"

"होता."

"जुमैला, आपल्या नोंदीत खोडलेल्याला रकाना नाही. आणि ती तुलनेच्या गटातली शाळा आहे. तिथे तू बोलायला लागलीस तर माझी तुलना राहील का? मी पुढच्या आठवड्यात केंद्रात विषय मांडतो."

तिनं फोन ठेवला. विसाव्या प्रश्नात जगणं नकोसं किती वेळा वाटलं, हे विचारलेलं होतं.

"पुढच्या आठवड्यात," ती स्वतःशीच म्हणाली. मग पिशवी खांद्याला लावली. "माश, ती मुलगी कुठे आहे ते दाखवा. आणि तुम्ही पण चला. माझी नोकरी गेली तर साक्षीदार हवा."

लांब उडीच्या खड्ड्यात आम्ही मोडके बाक रचून ठेवले होते. त्यांतल्या एका बाकावर तिघं बसलो. जुमैलानं उपदेश केला नाही. आधी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"पुट्टू."

"पोटात राहिला का?"

अतुल्यानं मान हलवली. नाही. मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. पेपराच्या दिवशी हात बधिर होतात. बेसिनचा नळ मोठा सोडून ओकते, अच्छनला ऐकू जाऊ नये म्हणून. अच्छन म्हणजे वडील. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून आणखी वाचते. सकाळी बसमधून तो बोर्ड दिसतो तेव्हा डोळे मिटून घेते, पण नाका आला हे रस्त्याच्या वळणावरून कळतंच.

"मिस, मी अजून परीक्षा दिलेली नाही. आणि मी पास झालेली तिथे उभी आहे."

जुमैलानं तिला सरळ विचारलं, जगणं नको वाटतं का? आणि अशा प्रश्नाला पोरगी घाबरेल असं मला वाटलं, तर उलटच झालं. तिचे खांदे खाली आले. कोणीतरी विचारल्यामुळे सुटल्यासारखे.

"काही करावंसं नाही वाटत, मिस. झोपल्यावर उठूच नये, एवढंच वाटतं. रोज."

"बरं केलंस सांगितलंस," जुमैला म्हणाली. "आता हे तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही." आणि तिथून ती हलली नाही. मला शशिधरनना फोन करायला लावला.

शशिधरन कुठल्याशा खांबावरून उतरून तसेच आले. कमरेला पट्टा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ऐकून घेतलं आणि एकदम भडकले.

"काय बोलताय तुम्ही? माझ्या मुलीला वेड लागलंय?"

"नाही हो चेट्टा," जुमैला म्हणाली. चेट्टा म्हणजे दादा. " ताप आला तर डॉक्टरकडे नेता ना?"

"ताप दिसतो!"

"हाही दिसतो. तिचे हात बघा."

त्यांनी पोरीचा हात हातात घेतला. बराच वेळ मनगट धरून उभे राहिले, मग हेल्मेट काढलं. "मी रोज जेवायला वाढतो हिला," ते म्हणाले. "ताट रिकामं असायचं."

"मांजराला घालत होते, अच्छन," अतुल्या म्हणाली आणि रडायला लागली.

दुसरा दिवस बुधवार होता. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात बुधवारी मनाच्या दुखण्यांची ओपीडी असते. डॉ. सत्यवती साठीच्या, तोंडानं फटकळ. तासभर अतुल्याशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. चिंता आणि नैराश्य दोन्ही आहे, बरं होण्यासारखं आहे, दर आठवड्याला यायचं. गोळ्यांचं आत्ताच नाही, दोन महिन्यांनी बघू. तोवर घरात तिला फार वेळ एकटं सोडायचं नाही, आणि जास्त वाटलं तर वार न बघता यायचं. परीक्षेची भीती पळवून लावायची नाही, तिच्याजवळ थोडं थोडं जायचं. आज घरी दहा मिनिटांचा पेपर, मग वर्गात, मग घड्याळ लावून.

"थोडं थोडं म्हणजे मार्चपर्यंत होईल का?" शशिधरननी विचारलं.

"तुम्ही लाईनमन ना? पहिल्या दिवशी खांबाच्या टोकापर्यंत गेला होतात?"

"छे! चार दिवस अर्ध्यावरून उतरलो."

"आणि खाली कोणी बोर्ड लावला होता का? 'टोकाला पोहोचलेला आमचा तारा'?"

मग डॉ. सत्यवतींनी इस्पितळाच्या कागदावर लिहून दिलं: आठवड्यातून तीन तास मैदानावर खेळणे, वैद्यकीय कारणास्तव आवश्यक. सही, शिक्का.

शोशाम्मा टीचर माझं ऐकत नाहीत, पण सरकारी शिक्क्यापुढे त्यांचं काही चालत नाही. अतुल्या मैदानावर आली. आठवड्याभरात आणखी चार पालक डॉ. सत्यवतींकडे गेले. अफवा अशी होती की ती चिठ्ठी घेतली की मार्क वाढतात. महिन्याभरात माझ्याकडे चौदा मुलं होती आणि प्रभाकरन माश अर्ध्या रिकाम्या वर्गात मला शिव्या घालत होते.

बोर्डावरचा फोटो मात्र शशिधरननी स्वतः उतरवला. शिडी त्यांच्याकडे होतीच. त्या संध्याकाळी ओमानहून अतुल्याच्या आईचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. आई रडत होती. "मोळे, मी रोज मार्कच विचारत राहिले. इतक्या लांबून दुसरं काय विचारावं ते सुचतच नव्हतं."

"मांजराचं विचार, अम्मे," अतुल्या म्हणाली. "जाडं झालंय."

जुमैलाला केंद्राकडून नोटीस आली. तुलनेच्या गटात ढवळाढवळ केल्याबद्दल. तिनं एका ओळीचं उत्तर पाठवलं: केली.

फेब्रुवारीत तिसरा कागद झाला आणि डॉ. हरिगोविंदन धावतच आले. उपचारांच्या शाळांत मुलांचं दुःख हळूहळू, पण खरंच कमी होत होतं. आमच्या शाळेत मात्र काहीही न करता एकेचाळीसवरून एकावर आलं होतं. असं कुठेच घडलं नव्हतं. हे त्यांना परदेशातल्या परिषदेत मांडायचं होतं.

"टीचर, तुम्ही नेमकं केलंत काय?" डॉक्टर वही उघडून बसले.

"अभ्यास करून घेतला, सर," शोशाम्मा टीचर अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग मी माझा खण उघडला आणि ट्यूशनवाल्याची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली. 'आदर्श उत्तरे, प्रश्न १ ते २५.' त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचली. चहा निवला. पहिल्यांदाच ते कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते.

"आणि ती खोडलेली मुलगी?"

"येते मैदानावर. बोलवू?"

"नको," ते म्हणाले. मग झेरॉक्सची घडी घालत म्हणाले, "मी तिला काय विचारणार?"

माणूस भला, हे मी आधीच म्हटलं. त्यांनी आमची शाळा अभ्यासातून काढून टाकली आणि त्याचं कारण अहवालात लिहिलं. जुमैलाची नोटीसही मागे घेतली. तिनं ती नोकरी तरीही सोडली. आता ती डॉ. सत्यवतींच्या हाताखाली असते. बुधवारी ओपीडीच्या दाराशी रांग लावून घेते आणि रांगेत सगळ्यांशी भरपूर बोलते.

अतुल्याला सात विषयांत ए-प्लस मिळाले. एका पेपराला ती मधेच उठून पाणी पिऊन आली आणि परत येऊन बसली. डॉ. सत्यवतींना त्याचंच जास्त कौतुक. ती आता नदीपलीकडच्या शाळेत अकरावीला आहे. काही आठवडे चांगले जातात, काही जात नाहीत. इस्पितळात जाणं चालू आहे.

जून उजाडला आणि मी डॉ. हरिगोविंदनकडून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा मागवून घेतला. कोणाच्या अभ्यासासाठी नव्हे, आमच्यासाठी. कुठे जास्त दुखतंय ते आधी कळावं आणि तशा मुलाला घेऊन त्याच बुधवारी इस्पितळ गाठावं, एवढ्यासाठी. प्रभाकरन माश रजेवर असलेला दिवस बघून नव्या दहावीला वाटला. मागच्या बाकावरच्या रिन्शानं कागद वाचला आणि हात वर केला.

"माश, यात खरं लिहायचं की बरोबर?"

"खरं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली, कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"मग मला अजून एक कागद लागेल," ती म्हणाली.